लेसरचा सौम्य प्रकाश आणि मुक्या प्राण्यांचे दुखणे

घरातला कुत्रा म्हातारा झाला की त्याच्या चालण्यात फरक पडू लागतो. पूर्वी दाराची कडी वाजताच उड्या मारत धावणारा हा गडी आता उठताना आधी पुढचे पाय ताणतो, मग मागचा भाग कसाबसा वर उचलतो. जिन्यापाशी येऊन थबकतो. थंडीच्या दिवसांत तर सकाळी उघड उघड लंगडतो. पशुवैद्य तपासून सांगतात, की याला संधिवात झाला आहे. सांध्यातील कूर्चा झिजली आहे. वेदनाशामक गोळ्यांनी बरे वाटते, पण त्या महिनोन्‌महिने दिल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडांना अपाय होण्याचा धोका असतो.

अशा वेळी काही पशुचिकित्सालयांत आता एक निराळाच उपचार केला जातो. कुत्र्याच्या डोळ्यांवर गडद काचांचा चष्मा बांधतात. डॉक्टर आणि कुत्र्याला धरून बसलेला मालक, दोघेही तसेच चष्मे लावतात. मग डॉक्टर विजेरीसारखे एक उपकरण दुखऱ्या सांध्यावरून हळूहळू फिरवतात. कातडीवर एक तांबडा ठिपका सरकताना दिसतो. सुई नाही, भूल नाही, चिरफाड नाही. पाच-दहा मिनिटांत काम संपते. हे उपकरण म्हणजे लेसर.

लेसर म्हटले की आपल्यासमोर पोलादाचा पत्रा कापणारा किरण उभा राहतो. मग तोच किरण सांध्याचे दुखणे कसे कमी करील? आणि त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा, की दुखणे कमी झाले हे ठरवायचे कसे? कुत्रा तर काही बोलत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे आपण क्रमाने शोधू या.

नळाचा झोत आणि झारीचे पाणी

विजेच्या दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशात अनेक तरंगलांबींच्या लहरी मिसळलेल्या असतात आणि त्या सर्व दिशांना पसरतात. लेसरचा प्रकाश मात्र जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, त्याच्या लहरी एकमेकींशी ताल राखून चालतात आणि तो फारसा न पसरता सरळ रेषेत जातो. कवायतीच्या तालावर पावले टाकणारे विद्यार्थी आणि शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारे विद्यार्थी यांच्यात जो फरक, तोच लेसरच्या आणि दिव्याच्या प्रकाशात. असा प्रकाश निर्माण करण्यामागचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. प्रत्यक्षात पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाचा स्फटिक वापरून तयार केला. त्यातून ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा प्रकाश निघाला. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग.)

लेसर कापतो की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. तो किती शक्तीचा आहे आणि किती लहान जागेवर एकवटला आहे, ही पहिली गोष्ट. त्याची तरंगलांबी कोणती, ही दुसरी. पाण्याचेच उदाहरण घ्या. अग्निशामक दलाच्या नळातून सुटणारा झोत माणसाला खाली पाडतो; झारीतून पडणारे तेच पाणी कोवळ्या रोपाला जगवते. शस्त्रक्रियेत कातडी किंवा मांस कापण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरतात. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते. हा प्रकाश पाण्यात झपाट्याने शोषला जातो आणि शरीरात पाणी तर भरपूर असते. त्यामुळे पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच त्याची सगळी उष्णता उतरते, तेथील पाण्याची वाफ होते आणि ऊती कापली जाते. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी शोधून काढला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे.

दुखण्यावर वापरायचा लेसर याच्या अगदी उलट स्वभावाचा असतो. त्याची शक्ती बेताची असते, तो काही चौरस सेंटिमीटर जागेवर पसरवलेला असतो आणि त्याची तरंगलांबी अशी निवडलेली असते की तो कातडीत न अडकता आत उतरावा.

बुडापेस्टमधील फसलेला प्रयोग

सौम्य लेसरचा असा काही उपयोग असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. तो कळला एका फसलेल्या प्रयोगामुळे.

लेसरचा शोध लागल्यावर अनेक डॉक्टरांना वाटू लागले की या किरणाने कर्करोगाच्या गाठी जाळता येतील. अमेरिकेत बोस्टन येथे पॉल मॅकगफ यांनी माणकाच्या लेसरने प्राण्यांमधील गाठी नष्ट करण्याचे प्रयोग केले होते. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील एक शल्यचिकित्सक एंड्रे मेस्टर यांनी १९६७ साली तसाच प्रयोग उंदरांवर करून पाहिला. पण त्यांच्याजवळचा लेसर फारच दुर्बळ होता. गाठींवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

दुसरा एखादा असता तर त्याने वहीत ‘प्रयोग अयशस्वी’ असे लिहून ती मिटली असती. मेस्टर यांचे लक्ष मात्र एका बारीक गोष्टीकडे गेले. प्रयोगासाठी उंदरांच्या अंगावरचे केस काढलेले होते. ज्या उंदरांवर लेसरचा प्रकाश पाडला होता, त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले होते! म्हणजे या दुर्बळ प्रकाशाने पेशी मारल्या नव्हत्या. उलट त्यांना चेतवले होते. पुढे त्यांनी याच प्रकाशाचा जखमा भरून येण्यावर काय परिणाम होतो ते तपासले आणि १९७० नंतरच्या दशकात बऱ्या न होणाऱ्या चिघळलेल्या व्रणांवर रुग्णांमध्येही तो वापरून पाहिला. आज या उपचारपद्धतीला ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ असे लांबलचक नाव आहे. प्रकाशाच्या साहाय्याने सजीव पेशींच्या कामात इष्ट बदल घडवणे, हा त्याचा सरळ अर्थ.

तांबडाच प्रकाश का?

यासाठी घरी एक सोपा प्रयोग करून पाहा. रात्री खोलीत अंधार करा. पेटवलेल्या साध्या विजेरीच्या काचेवर आपली बोटे घट्ट जुळवून ठेवा. बोटे तांबडी चमकताना दिसतील. विजेरीचा प्रकाश तर पांढरा आहे. मग बाहेर तांबडाच का आला? आता काचेवर आधी हिरवा आणि मग निळा जिलेटिनचा कागद लावून बोटे ठेवा. प्रकाश जवळजवळ नाहीसा होईल. शेवटी तांबडा कागद लावून पाहा.

याचे कारण असे, की रक्तातील हिमोग्लोबिन आणि कातडीतील मेलॅनिन ही रंगद्रव्ये निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. तांबडा प्रकाश ती कमी शोषतात. तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात थोडे पुढे गेले, की सुमारे १,००० नॅनोमीटरनंतर शरीरातील पाणी प्रकाश अडवू लागते. अशा रीतीने सुमारे ६०० ते १,००० नॅनोमीटर या पट्ट्यात एक खिडकीच उघडी राहते. उपचाराचे लेसर बहुधा याच खिडकीतले असतात.

पण ही खिडकी म्हणजे काही सताड उघडे दार नव्हे. प्रकाशाचा बराचसा भाग पहिल्या काही मिलिमीटरांतच विखुरतो आणि शोषला जातो. एक-दोन सेंटिमीटर खोलवर अगदी थोडा अंश पोहोचतो. शिवाय कुत्र्या-मांजरांच्या अंगावर केस असतात. काळ्या, दाट केसांत तर पुष्कळ प्रकाश वाटेतच अडतो आणि केस व कातडी तापतात. म्हणून आवश्यक तेथे केस कातरतात, उपकरण एका जागी न धरता फिरवत ठेवतात आणि प्राण्याचा रंग पाहून मात्रा ठरवतात.

येथे आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. सुरुवातीला सांगितलेला तो सरकणारा तांबडा ठिपका पुष्कळदा खरे औषध नसतोच! उपचाराचा प्रकाश अवरक्त, म्हणून अदृश्य असतो. तो नेमका कोठे पडत आहे हे डॉक्टरांना कळावे यासाठी सोबत थोडा तांबडा प्रकाश सोडलेला असतो.

पेशीच्या आत काय घडते?

आपल्या आणि प्राण्यांच्या पेशींमध्ये तंतुकणिका नावाची अतिसूक्ष्म अंगके असतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. अन्नातील ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने मोकळी करून ती ‘एटीपी’ या रेणूच्या रूपात पेशीला पुरवणे, हे त्यांचे काम. या कामाच्या शेवटच्या टप्प्यावर ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ नावाचे एक विकर असते. त्यात लोखंडाचे आणि तांब्याचे अणू असतात आणि हे विकर तांबडा व जवळचा अवरक्त प्रकाश शोषून घेऊ शकते. रशियातील शास्त्रज्ञ टीना कारू यांनी या दिशेने पुष्कळ संशोधन केले.

इजा झालेल्या किंवा थकलेल्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइडचा रेणू चिकटून बसतो आणि त्याचे काम मंदावते. प्रकाश शोषला गेला की हा रेणू सुटतो, विकर पुन्हा जोमाने काम करू लागते आणि एटीपी अधिक तयार होते, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तपुरवठा वाढतो. दाह वाढवणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण घटते आणि वेदनेचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंचे काम काहीसे मंदावते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. या साखळीतील प्रत्येक दुवा पक्का झालेला नाही. काही दुव्यांवर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण प्रकाश पेशीला केवळ शेकत नाही, तर तिच्या रासायनिक व्यवहारात हात घालतो, एवढे निश्चित.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, की मग लेसरच कशाला हवा? त्याच रंगाचा साधा दिवा चालणार नाही का? प्रश्न बिनतोड आहे. कातडीत शिरल्यावर प्रकाश इतका विखुरतो की लेसरचा सरळ झोत सरळ राहत नाही. योग्य तरंगलांबीचे एलईडी दिवे वापरूनही असे परिणाम मिळाल्याचे आढळले आहे. पुरेशी शक्ती नेमक्या जागी आणि नेमक्या तरंगलांबीत देता येते, ही लेसरची मोठी सोय.

मात्रेचे गणित

औषध जसे मिलिग्रॅममध्ये मोजतात, तसा प्रकाश ज्यूलमध्ये मोजतात. एक वॅट शक्तीचे उपकरण दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा देते. समजा, उपकरण अर्ध्या वॅटचे आहे, जखमेचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला ४ ज्यूल द्यायचे आहेत. एकूण ऊर्जा झाली १० × ४ = ४० ज्यूल. अर्ध्या वॅटच्या उपकरणाला त्यासाठी ८० सेकंद लागतील.

४० ज्यूल म्हणजे किती? तेवढ्या उष्णतेने १० ग्रॅम पाण्याचे तापमान जेमतेम एका अंशाने वाढेल. म्हणजे येथे काम शेकण्यामुळे होत नाही, हे गणितावरूनही दिसते. (अधिक शक्तीच्या उपकरणांनी मात्र कातडीला ऊब जाणवते आणि निष्काळजीपणा झाला तर भाजतेही.)

मग मात्रा दुप्पट केली तर गुण दुप्पट येईल का? नाही. फार थोड्या प्रकाशाचा परिणाम होत नाही, योग्य प्रकाशाने पेशी चेतवल्या जातात आणि फार प्रकाशाने हा परिणाम नाहीसा होतो किंवा उलटतो, असे प्रयोगशाळेत वारंवार आढळले आहे. झारीच्या पाण्यासारखेच हे आहे. पाण्यावाचून रोप सुकते आणि फार पाण्याने कुजते.

खरेच बरे वाटले का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, कुत्र्याला सहा वेळा लेसर दिला आणि मालक म्हणाला, “आता कमी लंगडतो.” एवढ्यावरून लेसरने गुण आला असे म्हणता येईल का?

कित्येकांना वाटते, की माणसाच्या मनाचा खेळ प्राण्याच्या बाबतीत संभवत नाही. कुत्र्याला लेसर म्हणजे काय हे ठाऊकच नसते, तेव्हा त्याला बरे वाटले तर ते खरेच असणार. पण या युक्तिवादात एक भोक आहे. कुत्र्याची औषधावर श्रद्धा नसेल, पण मालकाची असते! आणि ‘बरे वाटते’ हे सांगतो तो मालकच. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांची माहिती तपासली गेली. या कुत्र्यांना औषध म्हणून दिलेल्या पदार्थात औषध नव्हतेच. त्यांचा पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे बलमापक यंत्रावर मोजले होते. यंत्राने सुधारणा दाखवली नव्हती, तरी अनेक मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला. इतकेच नव्हे, तपासणाऱ्या पशुवैद्यांचीही अनेकदा तशीच फसगत झाली.

दुसरे असे, की संधिवाताचे दुखणे चढते-उतरते. मालक डॉक्टरांकडे धावतो ते दुखणे सर्वांत वाढलेले असते त्या दिवशी. त्यानंतर काहीही न करता ते थोडे उतरण्याचाच संभव अधिक असतो.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी लागते: कुत्र्यांचे दोन गट करायचे. एकाला खरा लेसर, दुसऱ्याला प्रकाश बंद ठेवलेले तेच उपकरण तेवढाच वेळ फिरवायचे. कोणत्या कुत्र्याला काय मिळाले हे मालकालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. उपचाराचा प्रकाश अदृश्य असल्याने हे जमवता येते.

अशा परीक्षांनी काय सांगितले? डॅक्सहुंड जातीचा, आखूड पायांचा आणि लांब पाठीचा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. या जातीत पाठीच्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येण्याचा आणि मागचे पाय लुळे पडण्याचा विकार पुष्कळ आढळतो. त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. फ्लोरिडा विद्यापीठातील पशुवैद्यांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या ३६ कुत्र्यांचा अभ्यास केला. काहींना शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस रोज ८१० नॅनोमीटरचा लेसर दिला, इतरांना दिला नाही. कुत्रे पुन्हा चालू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक काढला, तेव्हा लेसर न दिलेल्या गटात तो १४ दिवस आला आणि लेसर दिलेल्या गटात अवघा साडेतीन! हा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला.

येथेच थांबलो असतो तर लेख आनंदात संपला असता. पण २०१७ साली अशाच शस्त्रक्रियेनंतरच्या ३२ कुत्र्यांवरील दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काहींना लेसर दिला होता आणि काहींवर लटका उपचार केला होता. सुधारणेच्या वेगात या वेळी फरक आढळला नाही.

उलट, कोपराच्या संधिवातावर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या २० कुत्र्यांवरील परीक्षेत, लटका उपचार मिळालेल्या गटापेक्षा खरा लेसर मिळालेल्या गटाचे लंगडणे कमी झाले आणि त्यांना वेदनाशामक औषधही कमी पुरले. माणसांच्या वैद्यकातही याचा एक भक्कम पुरावा आहे: कर्करोगावरील उपचारांमुळे तोंडात येणारे वेदनामय व्रण टाळण्यासाठी सौम्य लेसरची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनी केली आहे.

मग सत्य काय समजायचे? एवढेच, की या प्रकाशाचा परिणाम खरा असू शकतो, पण तो तरंगलांबी, मात्रा, खोली आणि रोगाचा प्रकार यांवर अवलंबून असतो; आणि २०-३० कुत्र्यांवरील परीक्षा निकाल लावायला तोकड्या पडतात. ‘लेसर सर्व दुखण्यांवर रामबाण’ अशी जाहिरात करणारा आणि ‘हे सगळे थोतांड’ म्हणणारा, दोघेही पुराव्याच्या पुढे धावत आहेत.

सावधगिरी

लेसर हे खेळणे नव्हे. डोळ्याचे भिंग लेसरचा झोत नेत्रपटलावरील एका बिंदूवर एकवटते आणि तेथील पेशी जळून गेल्या तर दृष्टी परत येत नाही. झगझगीत प्रकाशाने पापणी आपोआप मिटते. अदृश्य अवरक्त प्रकाशाने ती मिटत नाही. म्हणूनच उपचाराच्या वेळी सर्वांना चष्मे लावतात. जत्रेत किंवा बाजारात मिळणाऱ्या लेसरच्या लेखणीने मांजराला खेळवण्याची काही मुलांना हौस असते. तो ठिपका चुकूनही कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि तिचा प्रकाश दुखऱ्या पायावर पाडून ‘उपचार’ तर मुळीच करू नका.

जाणकार पशुवैद्य कर्करोगाच्या गाठीवर हा लेसर वापरत नाहीत. मेस्टर यांच्या उंदरांचे केस आठवले की कारण सहज कळेल. जो प्रकाश पेशींना चेतवतो, तो नको त्या पेशींनाही चेतवण्याची भीती असते. गाभण मादीच्या पोटावरही तो टाळतात. म्हणून आधी रोगाचे निदान, मग उपचार, हा क्रम सोडता येत नाही. लंगडण्यामागे मोडलेले हाड असेल किंवा हाडातील गाठ असेल, तर महिनाभर लेसर घेत बसण्यात मोलाचा वेळ जातो. आणि संधिवात असला तरी वजन आटोक्यात ठेवणे, बेताचा व्यायाम, मऊ अंथरूण आणि लागेल तेवढे औषध यांना लेसर पर्याय नाही. तो त्यांचा सोबती आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी किंवा शेजारी एखादा म्हातारा कुत्रा असेल तर एक काम करता येईल. तो उठायला किती सेकंद घेतो, जिन्याच्या किती पायऱ्या चढतो, दिवसातून किती वेळा लंगडताना दिसतो, याची तारीखवार नोंद वहीत ठेवा. उपचार सुरू होण्यापूर्वी निदान पंधरा दिवस आणि सुरू झाल्यावरही तितकेच दिवस. शक्य असेल तर, उपचार कधी सुरू झाला हे ज्याला सांगितलेले नाही अशा मित्राकडून ही नोंद करून घ्या. ती वही पशुवैद्यांना दाखवा. जो प्राणी स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही, त्याच्या वतीने खरी साक्ष देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.